माजी सैनिक सभासदांना शाल पुरे, आता काम सोपवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलैच्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबरात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एकाच घडणीची वृत्ते ओळीने येतात. कारगिल विजय दिन, सशस्त्र सेना ध्वजदिन किंवा १६ डिसेंबरचा विजय दिन यांचे औचित्य साधून अमुक सेवाभावी क्लबने आपल्या माजी सैनिक सभासदांचा शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह देऊन गौरव केला, प्रमुख पाहुण्यांनी सैनिकांच्या त्यागाचे स्मरण केले आणि राष्ट्रगीताने कार्यक्रमाची सांगता झाली, असा त्यांचा आशय असतो. मी सातारा जिल्ह्यातील अशाच एका क्लबचा जुना सभासद आहे, त्यामुळे हे पत्र त्रयस्थाची टीका म्हणून वाचले जाऊ नये. गणवेशात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवून आलेल्या आपल्याच सहकाऱ्याचा क्लबने सन्मान करावा, यात वावगे काहीच नाही. मात्र तो ज्या रीतीने केला जातो त्यात त्या सभासदाची खरी ओळख कोणालाच होत नाही, आणि त्याच्याकडे जे देण्यासारखे आहे ते क्लब कधी मागत नाही, एवढेच मला मांडायचे आहे.

या घाईगर्दीला एक साधे कारण आहे. रोटरी काय किंवा लायन्स काय, दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होते. पदग्रहण समारंभाचे हार अजून सुकलेले नसतात, नव्या अध्यक्षांना वर्षातला पहिला उपक्रम तातडीने करून दाखवायचा असतो आणि नेमका तेव्हाच २६ जुलै समोर येतो. मग आदल्या दोन दिवसांत व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘आपल्यात कोणी आर्मीवाले असतील तर नावे कळवा’ असा संदेश फिरतो. जे स्वभावाने बोलके असतात त्यांची नावे येतात, जे संकोची असतात ते गप्प राहतात, आणि यादी तयार होते. वर्षानुवर्षे शेजारी बसून जेवलेल्या माणसाने पंधरा-वीस वर्षे कोठे काढली हे क्लबला ठाऊक नसावे आणि ते विचारण्याची वेळ केवळ हारांची संख्या ठरवताना यावी, हे मला खटकते.

वास्तविक या क्लबांची मूळ रचनाच अशी ओळख करून देणारी होती. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी रोटरीची सुरुवात केली तेव्हा वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसे एकत्र यावीत, ही त्यामागील कल्पना होती, आणि सभासदाच्या नावापुढे त्याचा व्यवसाय नोंदवण्याची पद्धत त्यातूनच आली. लायन्सचे संस्थापक मेल्विन जोन्स यांचे वडील तर अमेरिकी सैन्यात कॅप्टन होते आणि जोन्स यांचा जन्म अॅरिझोनातील एका लष्करी ठाण्यावर झाला. असे असूनही आपल्याकडच्या सभासद-पुस्तिका उघडून पाहाव्यात. माजी सैनिकाच्या नावापुढे ‘पेट्रोल पंप’, ‘सुरक्षा सेवा’, ‘शेती’ किंवा नुसतेच ‘निवृत्त’ असे लिहिलेले आढळेल. कोणते दल, कोणती रेजिमेंट वा कोअर, कोणते काम, किती वर्षे, यांपैकी एक अक्षरही नसते. याउलट १,००० डॉलर देणगीमागे मिळणाऱ्या पॉल हॅरिस फेलो किंवा मेल्विन जोन्स फेलो या सन्मानांची नोंद मात्र ठळक असते. देणगीदारांबद्दल मला आदर आहे, कारण पोलिओसारखे काम त्यांच्याच बळावर उभे राहिले. तरीही ज्या पुस्तिकेत देणगीला जागा आहे तिच्यात सेवेच्या एका ओळीला जागा असू नये, याचे समर्थन करता येणार नाही.

सत्काराच्या वेळी होणाऱ्या भाषणांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. रोटरीच्या बैठकांत म्हटली जाणारी चार प्रश्नांची कसोटी हर्बर्ट टेलर यांनी १९३० च्या दशकात तयार केली. तिचा पहिलाच प्रश्न आहे, ‘हे सत्य आहे का?’ ही कसोटी फलकावर लावलेली असताना तिच्याखाली उभे राहून निवेदक सरसकट प्रत्येक माजी सैनिकाला कारगिलच्या शिखरावर चढवतो. ज्याने पंचवीस वर्षे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गाडी चालवली, जो सिग्नल्सच्या एक्स्चेंजवर बसला, ज्याने ईएमईच्या, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेच्या, वर्कशॉपमध्ये रणगाड्यांची इंजिने उतरवली, त्याला आपले खरे काम ऐकू येत नाही. शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलल्याचे वर्णन ऐकू येते. तो संकोचाने खाली पाहतो आणि आपण त्याला विनय समजतो. श्रीनगर-लेह मार्गावर झोजीला खिंड ओलांडून रसद पोहोचवणाऱ्या चालकाचे काम हे स्वतःच इतके मोठे आहे की त्याला बंदुकीचा उसना धूर लावण्याची गरज नाही. सियाचेनमध्ये १९८४ पासून आपण शत्रूच्या गोळीबारापेक्षा थंडीने आणि हिमस्खलनाने अधिक माणसे गमावली आहेत. तिथे रॉकेलचा डबा वर पोहोचवणे हेही सैनिकी कर्तव्यच होते.

आणखी एक गोष्ट कारगिलच्या एकाच चौकटीमुळे घडते. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती आणि तिथे हजाराहून अधिक भारतीय जवान मृत्युमुखी पडले. आज साठीत किंवा सत्तरीत असलेले कितीतरी माजी सैनिक जाफन्याच्या त्या मोहिमेत होते. पण त्या मोहिमेचा दिवस आपल्या क्लबांच्या दिनदर्शिकेत नाही, भाषणांत तिचा उल्लेख नाही, आणि त्या सभासदांनाही ती सांगावी असे वाटत नाही, कारण विजयाच्या ठरीव वाक्यांत ती बसत नाही.

क्लबमधील डॉक्टरांकडेही या दृष्टीने पाहायला हवे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा अन्य महाविद्यालयांतून पदवी घेऊन आर्मी मेडिकल कोअरमध्ये पाच-दहा वर्षे अल्प मुदतीची सेवा केलेले आणि नंतर तालुक्याच्या गावी दवाखाना थाटलेले डॉक्टर आपल्यात आहेत; पण त्यांना कोणी माजी सैनिक समजत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर परिस्थिती अधिकच विचित्र आहे. लष्करी परिचर्या सेवेचा इतिहास १८८८ साली मुंबईत उतरलेल्या परिचारिकांच्या पहिल्या तुकडीपर्यंत मागे जातो, तिच्यातील परिचारिकांना लेफ्टनंटपासून पुढची पदे असतात, आणि १९९२ पासून स्त्रिया सैन्याच्या वैद्यकीय शाखांबाहेरही अधिकारी म्हणून आहेत. तरीही निमंत्रणपत्रिका ‘सपत्नीक उपस्थित राहावे’ असे सांगते आणि स्त्री व्यासपीठावर येते ती कोणाची तरी पत्नी म्हणून, बहुधा ओटी भरण्यापुरती. ती स्वतः निवृत्त मेजर असू शकते, ही शक्यता आयोजकांच्या मनातही येत नाही.

आता त्या कसोटीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: ‘हे सर्व संबंधितांना न्याय्य आहे का?’ आमच्या जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावालाच मिलिटरी हे विशेषण जोडले गेले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातील ४६ जण कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. माण, खटाव, कोरेगाव, पाटण या तालुक्यांतील घराघरांत पलटणीची परंपरा आहे. मात्र तिथून गेलेला मुलगा बहुधा शिपाई म्हणून भरती होतो आणि नाईक, हवालदार किंवा फार झाले तर सुभेदार होऊन परततो. क्लबच्या व्यासपीठावर दिसतात ते कर्नल आणि कमांडर. त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण सभासदत्व निमंत्रणावरून मिळते, बैठका हॉटेलात होतात, इतिवृत्त इंग्रजीत लिहिले जाते आणि वार्षिक वर्गणी हवालदाराच्या पेन्शनला झेपणारी नसते, अशी व्यवस्था आपणच केली असेल तर सुभेदारसाहेब क्लबमध्ये येणार तरी कोठून? आपण माजी सैनिक सभासदांचा सन्मान करतो असे म्हणतो तेव्हा ज्यांना सभासद होणे आपण आधीच अवघड करून ठेवले आहे त्यांना वगळून उरलेल्यांचा सन्मान करतो. माझी सूचना अशी आहे की प्रत्येक क्लबने सैनिकी सेवेतून निवृत्त झालेल्या जवानांसाठी आणि कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठी (सुभेदार व त्या श्रेणीतील इतर) वर्गणीत भरघोस सवलत ठेवावी, आणि महिन्यातील एक बैठक तरी पूर्णपणे मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी घ्यावी.

हे दयाबुद्धीने करायचे नाही. क्लबलाच त्याची गरज आहे. शिपाई साधारणपणे चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो. पुढची वीस-पंचवीस धडधाकट वर्षे त्याच्यापुढे असतात, आणि त्याला रक्तदान शिबिराचा मांडव उभारण्यापासून पुराच्या वेळी बोटीतून माणसे हलवण्यापर्यंत शिस्तीने करण्याच्या कामांची सवय असते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मदत घेऊन गेलेल्या संस्थांना आठवत असेल की धान्याची पाकिटे पुष्कळ होती. ती कोठे, कोणत्या क्रमाने आणि कोणाकडे उतरवायची हे ठरवणारी माणसे कमी होती. रसदीचे हेच काम आयुष्यभर केलेला सुभेदार कोणत्याही गावात सापडला असता.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र कागदपत्रांचे आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत होती. जवान सुट्टीवर येऊन लग्न करून जाई आणि पलटणीत परतल्यावर कंपनी क्लार्कला बायकोचे नाव सांगे. त्याच्या कानाला जे ऐकू आले ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या पलटणीच्या आदेशात, नोंदले जाई. परिणामी सेवा-अभिलेखात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे दुसरे, आधार कार्डावर तिसरे, आणि जन्मतारीख तर तिन्ही ठिकाणी वेगळी, अशी अवस्था होते. पती हयात असेपर्यंत याचा पत्ता लागत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज ‘नावात तफावत’ या एका शेऱ्याने परत येतो आणि सत्तरीतली बाई नातवाला घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागते. प्रतिज्ञापत्र हवे, काही वेळा राजपत्रातील नावबदल हवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस हवी आणि मग ज्या त्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार हवा. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावात, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे खडकीला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला, ईएमईचे सिकंदराबादला आणि सिग्नल्सचे जबलपूरला. पेन्शनची रक्कम आता प्रयागराजहून चालणाऱ्या ‘स्पर्श’ प्रणालीतून येते आणि दर वर्षी हयातीची नोंद तिथे ऑनलाइन करावी लागते. ज्यांच्या हाताच्या बोटांचे ठसे वयामुळे पुसट झाले आहेत त्यांची पेन्शन एवढ्या कारणावरूनही अडकू शकते.

आता क्लबच्या बैठकीत कोण कोण बसते ते आठवावे. वकील असतो, सनदी लेखापाल असतो, बँकेचा निवृत्त व्यवस्थापक असतो, नोटरी असतो, डॉक्टर असतो, संगणकाचे दुकान चालवणारा असतो. आणि त्यांच्यामध्येच, रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसे लिहायचे, सैनिक क्रमांक कोठे नमूद करायचा, डिस्चार्ज बुकातील कोणत्या पानाची प्रत जोडायची हे तोंडपाठ असलेला एक माजी सैनिक असतो. या सर्वांनी महिन्यातून एकदा तहसीलच्या गावी टेबल मांडून बसले तर ज्या प्रकरणाला एकट्या बाईची दोन-दोन वर्षे जातात ते कितीतरी लवकर मार्गी लागेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये हे काम करतातच, परंतु आमच्यासारख्या जिल्ह्यात माजी सैनिकांची संख्या आणि कार्यालयातील माणसांची संख्या यांचा मेळ बसणे कठीण आहे. असे टेबल चालवण्याची जबाबदारी क्लबने आपल्या माजी सैनिक सभासदाकडे रीतसर ठरावाने द्यावी, त्याला त्यासाठी थोडा निधी आणि दोन तरुण सभासद द्यावेत, आणि वर्षअखेरच्या अहवालात किती प्रकरणे निकाली निघाली ते छापावे. माझ्या मते त्याच्या सेवेचा याहून नेमका सन्मान दुसरा नाही, कारण त्यात त्याच्या ज्ञानाची गरज आहे हे क्लबने मान्य केलेले असते.

दुसरे एक काम वेळेच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहे. १९७१ च्या युद्धात २० वर्षांचा असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चे सैनिक ऐंशीच्या पुढे गेले. पूर्व आघाडीवर जमालपूरच्या लढाईत पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण होती. ११ डिसेंबर १९७१ रोजी टंगाइलला पॅराशूटने उतरलेली दुसरी पॅरा बटालियन ही मूळची तिसरी मराठा. या दोन्ही तुकड्यांतील माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत परतली. युद्धाचे इतिहास सेनापतींनी लिहिले. पण ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे चालत जाताना गाढवे आणि बैलगाड्या कशा मिळवल्या, जखमींना कसे मागे आणले, घरी पत्र किती दिवसांनी पोहोचले, हे सांगणारे हवालदार एकेक करून निघून जात आहेत. मोबाइलवर आवाज मुद्रित करायला खर्च येत नाही. क्लबचे तरुण सभासद किंवा महाविद्यालयातील रोटरॅक्टची, म्हणजे रोटरीच्या युवा शाखेची, मुले ते करू शकतात, अट एवढीच की प्रश्न विचारणाऱ्याने ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये.

रोटरॅक्टवरून एक लहानशी गोष्ट सुचते. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के जवान चार वर्षांनंतर कायम राहतात. उरलेली मुले एकवीस ते पंचवीस या वयात गावी परततील. त्यांना पेन्शन नसेल. क्लबांच्या याद्यांत त्यांना माजी सैनिक म्हणून जागा असेल का, याचा विचार आताच झालेला बरा.

दिवसाबद्दलही एक सूचना आहे. पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, म्हणून १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्याच सुमारास संक्रांत असल्याने तो तिळगुळात हरवतो आणि क्लबांच्या दृष्टीने तर तो नसल्यातच जमा आहे. पण सोय नेमकी तीच आहे. त्या दिवशी कोणाला व्यासपीठावर बोलावण्याऐवजी आपणच तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी जावे. जे वयामुळे बैठकांना येऊ शकत नाहीत त्यांचीही भेट होईल. अमेरिकेतील अनेक क्लबांत ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे तिथल्या माजी सैनिक दिनाच्या, सुमारास होणाऱ्या बैठकीत सैन्यदलांत राहिलेले सभासद जागेवर उभे राहतात आणि आपले दल व सेवेची वर्षे एवढेच सांगून खाली बसतात. स्वयंपाकी आणि वैमानिक यांना तिथे सारखेच अर्धे मिनिट मिळते. आपल्या लांबलचक परिचयांपेक्षा ती पद्धत मला अधिक शालीन वाटते. ध्वजदिन निधीचे संकलनही ७ डिसेंबरपुरते न ठेवता वर्षभर चालू ठेवता येईल, परंतु त्याविषयी पूर्वी पुष्कळांनी लिहिले असल्याने इथे अधिक लिहीत नाही.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. असे वृत्त आणि छायाचित्र आपल्याकडे येते तेव्हा त्याखालील ओळींत अध्यक्ष, सचिव, प्रांतपाल, प्रमुख पाहुणे यांची नावे पदांसह पूर्ण असतात आणि ज्यांचा सत्कार झाला त्यांचा उल्लेख बऱ्याचदा ‘व इतर माजी सैनिक’ असा होतो. यापुढे क्लबांकडून येणाऱ्या वृत्तात सत्कारमूर्तींचे पद, रेजिमेंट वा कोअर आणि सेवाकाल नसेल तर आपल्या वार्ताहरांनी तो मागून घ्यावा, आणि जागा अपुरी पडली तर आमच्यासारख्या पदाधिकाऱ्यांची नावे आधी कापावीत. पद लिहिताना ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर कंसात यावा, कारण सैन्याच्या प्रथेनुसार माणूस निवृत्त होतो, त्याचे पद निवृत्त होत नाही.

आपला विश्वासू,
एका सेवाभावी क्लबचा सभासद, सातारा